व्हीएचएसवरचा 'ब्योमकेश बक्षी' पुन्हा पाहायचा तर: कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात साखर पेठेतल्या जुन्या घराच्या माळ्यावर एक ई-१८० व्हीएचएस कॅसेट सापडली आहे. लेबलावर वडिलांच्या अक्षरात 'ब्योमकेश बक्षी, रास्ते का काँटा, १९९३' असे लिहिले आहे, म्हणजे दूरदर्शनवरून घरीच केलेले रेकॉर्डिंग. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून पाहिले तर फितीवर पांढुरके डाग दिसतात. घरात मशीन नाही. एक दुकानदार 'आणा, संध्याकाळपर्यंत पेनड्राइव्हवर देतो' म्हणाला. त्याला द्यावी, की मंगळवार बाजारातून जुना व्हीसीआर घेऊन स्वतः करावे? आणि चित्र एचडी होईल का?

आधी एकच गोष्ट सांगतो, बाकी सगळे त्यावरच अवलंबून आहे. ती कॅसेट आज कोणत्याही मशीनमध्ये घालू नका. ना दुकानात, ना घरी, ना 'चालते का ते फक्त बघू' म्हणून. डाग बुरशीचे असतील तर पहिल्याच फेरीत ती बुरशी हेडवर (मशीनमधल्या फीत वाचणाऱ्या भागावर) जाते, हेड चोंदते, चित्र जाते. वर फितीवर चरा पडला तर तो कायमचा. अशा फितीत धड चालण्याच्या फेऱ्या थोड्याच उरलेल्या असतात. पहिली फेरी हीच शेवटची ठरू शकते असे समजून तयारी करायची, आणि त्याच फेरीत रेकॉर्डिंग काढून घ्यायचे.

दुसरी गोष्ट तुमची तुम्हीच ठरवायची आहे: तुम्हाला तो भाग पाहायचा आहे की ते रेकॉर्डिंग? ही दोन वेगळी कामे आहेत. नुसता भाग पाहायचा असेल तर एवढी खटपट करू नका. बासू चटर्जींची ही गुप्तहेर-मालिका, रजित कपूर (ब्योमकेश), के. के. रैना (त्याचा मित्र अजित) आणि आपल्या सुकन्या कुलकर्णी यांची, २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने पुन्हा दाखवली होती, आणि तिचे भाग आज नेटवर तुमच्या कॅसेटपेक्षा नक्कीच स्वच्छ मिळतात. छपरावरच्या अँटेनाने पकडलेले आणि घरच्या मशीनने फितीवर उतरवलेले चित्र त्याची बरोबरी करणार नाही.

पण त्या कॅसेटवर भागाखेरीजही बरेच काही असते. मधल्या जाहिराती, निवेदिका, भाग सुरू होण्याआधीचे दोन-चार मिनिटांचे काहीतरी, आणि वडिलांनी रेकॉर्डचे बटण नेमके कधी दाबले ते. यातले काहीही नेटवरच्या प्रतीत सापडणार नाही. शिवाय एका भागाने १८० मिनिटे भरत नाहीत. त्या काळी कोरी कॅसेट स्वस्त नव्हती, लोक ती शेवटपर्यंत भरत. उरलेल्या फितीवर घरातले कार्य असेल, एखादे मराठी नाटक असेल, किंवा मुंबई दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य' किंवा 'हॅलो इन्स्पेक्टर'चा एखादा भाग असेल. तसे निघाले तर कॅसेटचे मोल एकदम वाढते, कारण त्या मराठी मालिकांचे भाग ब्योमकेशइतके सहज हाती लागत नाहीत. म्हणून माझा आग्रह असा की लेबलावर काहीही लिहिलेले असो, फीत पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खी उतरवायची.

आता डागांकडे येऊ. सगळेच पांढरे म्हणजे बुरशी नव्हे. सोलापुरात, विशेषतः पूर्व भागात जिथे घराला लागून माग चालायचे, तिथल्या कॅसेटमध्ये सुताचे बारीक तंतू हमखास निघतात. ते खिडकीच्या प्लास्टिकला आतून चिकटलेले असतात किंवा सुटे पडलेले असतात, आणि कॅसेट हलक्या हाताने तळव्यावर आपटली की जागा बदलतात. बुरशी जागा सोडत नाही. ती गुंडाळलेल्या फितीच्या सपाट बाजूवर ठिपक्यांनी, कधी वर्तुळाकार पट्ट्यांनी बसते, आणि विजेरी तिरपी धरून पाहिले तर कोळ्याच्या जाळ्यासारखी केसाळ दिसते. उन्हात कोरड्या पडणाऱ्या आपल्या गावात बुरशी कुठून आली, असे वाटेल. माळ्यावर पत्र्यातून किंवा धाब्यातून एखाद्या पावसाळ्यात ओल झिरपली की तेवढी तिला पुरते. पुढची वीस वर्षे कोरडी गेली तरी ती मरत नाही, झोपून राहते.

बुरशी असेल तर कॅसेट वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा, दुसऱ्या कॅसेटींबरोबर नको. हाताळताना एन-९५ मास्क लावा आणि हे काम गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत करा, पंख्याखाली नको. दमेकऱ्याने हात लावू नये.

मग वाळवणे. ओली बुरशी पुसायला गेलात तर ती लोण्यासारखी पसरते. वाळली की भुकटी होऊन सुटते. हवाबंद डब्यात (पाच लिटरचा स्टीलचा डबा चालतो) साधारण १०० ग्रॅम सिलिका जेल घाला, कॅसेट त्यात उभी ठेवा आणि डबा दोन-तीन आठवडे घरातल्या सर्वांत थंड खोलीत राहू द्या. रंग बदलणारे जेल घ्या म्हणजे ओल शोषून भरले की कळते. उन्हात मात्र वाळवू नका. ही चूक फार होते, कारण आपल्याकडे पापडापासून गादीपर्यंत सगळे उन्हात टाकायची सवय आहे. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात कॅसेटचे कवच वाकते, फीत सैल-घट्ट होऊन तिच्या कडांना लाटा येतात, आणि त्या लाटा परत सरळ होत नाहीत. ओव्हन, हेअर ड्रायर, फ्रीज यांतले काहीही नको. घाई नसेल तर हे सगळे सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमारास, डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. हवा कोरडी असते आणि गरमीही नसते.

वाळल्यावर कॅसेट उघडायची. खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात, साध्या फुलीच्या स्क्रू-ड्रायव्हरने निघतात. उघडताना खालची बाजू वर ठेवून स्क्रू काढा, मग दोन्ही अर्धी एकत्र धरून कॅसेट सुलटी करा आणि वरचे झाकण अलगद उचला. आधी मोबाइलवर फोटो काढा: फीत कोणत्या खुंटीवरून कशी गेली आहे, चाकांचे ब्रेक आणि त्यांची स्प्रिंग कुठे बसली आहे. ती स्प्रिंग उडाली की लोक तासभर शोधत बसतात. फितीच्या गुंडाळीच्या सपाट बाजूवरची भुकटी मऊ, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने आतून बाहेर अशी पुसा. फितीच्या चकचकीत पृष्ठभागाला बोट लावू नका.

मग गुंडाळीच्या आतली सफाई. यासाठी व्हिडिओ लायब्ररीच्या काळातले सुटे रिवाइंडर यंत्र मिळाले तर उत्तम. कारण त्यात हेड नसते, बिघडण्यासारखे काही नसते. झाकण उघडे ठेवून फीत फिरू द्यायची आणि धागे न सुटणाऱ्या कापडाची घडी तिच्या दोन्ही बाजूंना नुसती टेकवून धरायची. दाबायचे नाही. कापडाची जागा दर मिनिटाला बदला. पुढे आणि मागे अशा फेऱ्या करत कापड स्वच्छ राहीपर्यंत चालू द्या. साधारण दोन-तीन फेऱ्यांत होते. एखादा चिकट डाग राहिलाच तर कापडाच्या टोकाला ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंचित लावून तेवढाच भाग पुसा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ते वापरतात, तिथे विचारा. औषधाच्या दुकानातले स्पिरिट चालत नाही, त्यात पाणी असते आणि इतरही बरेच काही.

दोन ठिकाणी थांबायचे. पहिले, फीत फिरताना अडखळत सुटत असेल, म्हणजे थर एकमेकांना चिकटलेले असतील, तर जोर लावू नका. चिकटलेला थर ओढला की तपकिरी मुलामा निघून येतो आणि खाली नुसते पारदर्शक प्लास्टिक उरते. त्या जागेवरचे चित्र गेले ते गेलेच. दुसरे, फीत फिरताना कुंईकुंई आवाज येत असेल तर मुलाम्यातला चिकटवणारा पदार्थ ओलीने सुटू लागला आहे. या दोन्ही अवस्थांत घरचा उपाय नाही. पुण्या-मुंबईत व्यावसायिकरीत्या फिती वाचवणाऱ्यांकडे जा. तुमची कॅसेट तशी आहे की नाही हे फोटोवरून सांगता येणार नाही.

रिवाइंडर स्वस्तातला असेल तर एक धोका आहे. फितीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक पट्टी असते. व्हीसीआर त्या पट्टीतून आरपार गेलेला प्रकाश ओळखतो आणि वेळीच थांबतो. स्वस्त रिवाइंडर मात्र शेवटी ताण बसल्यावरच थांबतो, आणि त्या हिसक्याने जुनी पट्टी चाकापासून सुटते. म्हणून शेवटची मिनिटभराची फीत हाताने फिरवा. सुटलीच तर घाबरू नका, चाकावर प्लास्टिकची छोटी चाप असते, तिच्यात ती परत अडकवता येते. फीत मधेच तुटली असेल तर सेलोटेप लावू नका. तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि फिरत्या हेडला धरतो. फिती जोडण्याची खास पट्टी वापरा, तीसुद्धा आतल्या बाजूने. व्हीएचएसमध्ये रेकॉर्डिंगची बाजू बाहेर तोंड करून असते, तिच्यावर काहीही चिकटवायचे नाही.

कवचाला तडा असेल किंवा झडप नीट उघडत नसेल तर त्याच मापाच्या दुसऱ्या बिनकामाच्या कॅसेटचे कवच घ्या आणि चाके त्यात बसवा. पाच मिनिटांचे काम आहे. याच वेळी पाठीच्या कडेवरची रेकॉर्ड-संरक्षणाची टिकली मोडून टाका. ती आधीच मोडलेली असून वर कागद किंवा सेलोटेप लावलेली असेल तर ती काढा. नाहीतर मशीनवर चुकून लाल बटण दाबले गेले की १९९३वर आजची कोरी निळी पाटी उमटेल.

आता मशीन. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली उत्पादन थांबवले, तेव्हा आज मिळेल ते प्रत्येक मशीन जुनेच असणार. मंगळवार बाजारात किंवा ओळखीच्यांच्या माळ्यावर मिळाले तर जरूर घ्या, पण 'चालू आहे' या शब्दाला फार अर्थ नाही. रबरी पट्टे ताणलेले असतात, दाबरोळी (फीत दाबून धरणारी रबरी रोळी) कडक झालेली असते, वंगण मेणासारखे घट्ट बसलेले असते, पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेले असतात. कॅसेट आत गेली आणि बाहेर आली एवढ्यावर विसंबू नका. बाहेर येताना फितीचा फास झडपेबाहेर लोंबत असेल तर ते मशीन फीत खाणार. नवी पेठेत किंवा आपल्या भागात टीव्ही-टेप दुरुस्त करणारे जुने हात अजून आहेत, त्यांच्याकडून पट्टे आणि दाबरोळी पाहून घ्या.

रेकॉर्डिंग न करणारा नुसता व्हीसीपी मिळाला तर तो मला जास्त पसंत आहे. चुकून काही पुसले जाण्याचा प्रश्नच येत नाही. कॅसेट पालची (आपल्याकडच्या टीव्ही प्रसारणाची पद्धत), मशीनही पालचेच हवे. सेकंदाला २५ फ्रेम, ६२५ रेषा. परदेशातून आलेले नुसते एनटीएससीचे (अमेरिका-जपानकडच्या पद्धतीचे) मशीन इथे उपयोगाचे नाही.

हेड साफ करताना हेडे मोडतात, म्हणून हे नीट वाचा. चकाकता गोल ड्रम हाताने वरून धरून सावकाश फिरवायचा आणि अल्कोहोलने ओलसर केलेला हरणाच्या कातड्यासारखा मऊ चामड्याचा तुकडा, तो नसेल तर साध्या पांढऱ्या कागदाची पट्टी, त्याच्या बाजूला स्थिर टेकवून धरायची. फिरतो तो ड्रम, हात नाही. वर-खाली कधीही घासू नका. हेडचे टोक अतिशय बारीक आणि ठिसूळ असते, उभ्या हालचालीने तुकडा पडतो. ड्रमवर कापूस लावलेली काडी वापरू नका, तिचे तंतू हेडमध्ये अडकतात. आवाजाचे स्थिर हेड, मार्गदर्शक खुंट्या आणि फीत ओढणारी धातूची दांडी यांना काडी चालते. रबरी दाबरोळीला अल्कोहोल नको, ती आणखी कडक होते. सौम्य साबणाचे पाणी लावा आणि कोरडी पुसा. सगळे सुकायला पंधरा मिनिटे द्या.

पहिली चाचणी तुमच्या कॅसेटवर नको, ज्याची कुणाला फिकीर नाही अशा बाजारी सिनेमाच्या कॅसेटवर घ्या. अर्धा तास लावा, पुढे-मागे पळवा, बाहेर काढा, फितीच्या कडा तपासा. एखादी कड दुमडली किंवा लांबच लांब चरा पडला तर मशीन परत दुरुस्तीला. कोणती कड हे महत्त्वाचे आहे: वरच्या कडेवर आवाजाची पट्टी असते, खालच्या कडेवर वेगाचे नियंत्रण करणारे संकेत. वरची कड चुरगळली तर आवाज खालीवर होतो. खालची चुरगळली तर मशीनला वेगच कळत नाही, आणि चित्र वर सरकत राहते किंवा आवाज ताणल्यासारखा येतो. तुमच्या फितीवर अशी जुनी जखम असेल तर तीही अशीच ओळखता येईल.

म्हणजे इथवरचा क्रम असा: डाग ओळखा, वाळवा, कोरडे पुसा, कवच आणि टिकली पाहा, मशीन दुसऱ्या कॅसेटवर तपासा. आता कुठे तुमची कॅसेट आत जाईल. ती एसीच्या खोलीतून आणली असेल तर मशीनशेजारी एक दिवस राहू द्या. वर्षानुवर्षे एकाच ताणात पडून असलेली फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे नेऊन नव्याने गुंडाळून घ्यायची असते. ते काम रिवाइंडरवरच्या सफाईत आधीच झालेले आहे.

संगणकाला जोडताना टीव्हीच्या अँटेनावाल्या तारेने जोडू नका, पिवळ्या-पांढऱ्या आरसीए पिनांनी जोडा. मशीनला एस-व्हिडिओची जोडणी असेल तर चित्रासाठी ती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जुन्या फितीत प्रत्येक रेषा किंचित पुढे-मागे सुरू होते, म्हणून दाराच्या चौकटी, विजेचे खांब असे उभे सरळ काही असले की ते थरथरते. जुना टीव्ही हे चालवून घेई. संगणकाचे कॅप्चर यंत्र (सिग्नलची फाइल करणारे) गोंधळते आणि फ्रेम गाळते. गळलेल्या फ्रेमांमुळे चित्र आवाजाच्या पुढे जात जाते. सुरुवातीला कळत नाही, तासाभरानंतर ब्योमकेशचे ओठ आणि शब्द यांची फारकत होते. यावर टाइम बेस करेक्टर हा खरा उपाय, पण तो महाग आणि दुर्मीळ. स्वस्त पर्याय म्हणजे डीव्हीडी रेकॉर्डर मधे घालून त्यातून सिग्नल पुढे काढणे. पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी जगभर वापरले जातात. मधे काहीच न घालता सरळ जोडायचे असेल तर एका दमात तीन तास घेऊ नका.

तुमच्या कॅसेटवर आणखी एक शक्यता आहे. फीत वाचवण्यासाठी अनेक जण जाहिराती लागल्या की पॉज दाबत. अशा प्रत्येक जोडावर सिग्नल क्षणभर तुटतो, आणि कॅप्चर प्रोग्रॅम तिथेच सिंक हरवतो. तसे झाले तर तो जोड ओलांडून थोडे पुढे जाऊन पुन्हा सुरू करा आणि तुकडे नंतर जोडा. म्हणजे फेऱ्या वाढतील, पण फक्त त्या जोडांच्या आसपास.

कॅप्चरची मोजमापे अशी ठेवा: पाल, ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्यांत, म्हणजे दोन फील्डमध्ये) तसेच राहू द्यायचे, हफवाययूव्हीसारखा काहीही न गाळणारा कोडेक (चित्र साठवण्याची पद्धत), आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. वर्च्युअलडब या प्रोग्रॅममध्ये हे सगळे होते. तासाला साधारण ३० जीबी जागा लागते, म्हणजे अख्ख्या कॅसेटला १०० जीबी मोकळी ठेवा. डिस्क एफएटी३२ असेल तर फाइल ४ जीबीवर अडेल, एनटीएफएस करून घ्या. 'एव्ही टू एचडीएमआय' नावाच्या छोट्या डब्या टाळा. त्या चित्र रुंद ताणतात आणि दोन फील्ड वाईट रीतीने मिसळतात, नंतर ते सोडवता येत नाही. यूएसबीवरची स्वस्त कॅप्चर यंत्रे चालतात, पण पांढरा रंग जळतो का ते आधी तपासा: धोतर-कुर्त्याच्या चुण्या दिसत नसतील तर प्रोग्रॅममधला ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट उतरवा. ब्योमकेश आणि अजितचे कपडे यासाठी चांगली कसोटी आहेत.

चित्रावर आडवे पट्टे हळूहळू चढत असतील आणि आवाजात गुरगुर असेल तर तो अर्थिंगचा दोष. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुधा जातो. वीज जाण्याची शक्यता धरून व्हीसीआरला यूपीएस लावा. फीत ड्रमभोवती गुंडाळलेली असताना वीज गेली की ती तिथेच अडकून राहते. ट्रॅकिंग (हेड फितीवरच्या रेषांशी जुळवणे) पहिल्या दोन मिनिटांत लावून घ्या, आणि ते चित्राइतकेच आवाजावरही लक्ष ठेवून लावा. चित्राच्या अगदी तळाशी पाच-दहा रेषांची फाटकी पट्टी दिसेल, ती हेड बदलण्याची खूण आहे. प्रत्येक व्हीएचएसमध्ये असते, जुन्या टीव्हीत चौकटीआड जायची. तिच्यासाठी मशीन बदलू नका.

दुकानात द्यायचीच असेल तर 'संध्याकाळी देतो' या शब्दांत एक गोष्ट दडलेली आहे: तीन तासांची कॅसेट तीन तासच चालते, म्हणजे तपासणी आणि सफाई यांना वेळच धरलेला नाही. बुरशीची कॅसेट अशी देऊ नका. साफ केलेली कॅसेट द्यायला हरकत नाही, पण आधी विचारा की मशीनची हेडे शेवटची कधी साफ केली, अख्खी फीत उतरवणार का, आणि कॅप्चर झालेली मूळ मोठी फाइल देणार का. स्वतःची हार्ड डिस्क सोबत न्या. तीन तासांची एक-दोन जीबीची एमपी४ हातात दिली तर ती पाहण्यापुरती प्रत आहे. डीव्हीडी रेकॉर्डरवर काढून देत असतील तर ते त्याहून बरे, फक्त दोन तासांना एक डिस्क या दर्जाने काढायला सांगा, सहा तासांच्या नको.

एचडीबद्दल: व्हीएचएसवर मुळात आडव्या दिशेने साधारण २४० रेषांइतकाच तपशील असतो, रंगांचा तर त्याहून कितीतरी कमी. फाइल मोठी करता येते, तपशील आणता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रॅम तो 'आणतात' म्हणजे अंदाजाने रंगवतात. चेहरे मेणाचे होतात. आणि गुप्तहेराच्या कथेत तर हे फारच घातक. शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या ज्या कथेवर तुमचा भाग आहे, तिच्यात वर्तमानपत्रातली एक छोटी जाहिरात हा कळीचा धागा आहे. वर्तमानपत्र किंवा चिठ्ठी पडद्यावर आली की हे प्रोग्रॅम पुसट अक्षरांच्या जागी अक्षरासारखे दिसणारे काहीतरी घालतात. पुसट खरे अक्षर मला त्यापेक्षा हजारपट मोलाचे वाटते.

आवाजाचेही तसेच. घरच्या रेकॉर्डिंगचा मोनो आवाज सुमारे १० किलोहर्ट्झपर्यंतच पोचतो आणि मागे सतत सूंऽऽ असते. ती घालवायला आवाज-सफाईचा फिल्टर जोरात लावला की सुसकाऱ्याबरोबर सगळे बारीक किणकिणणारे आवाजही जातात. या कथेत सायकलच्या घंटीला फार महत्त्व आहे (का, ते इथे सांगत नाही, वाचणाऱ्यांत कुणी पहिल्यांदा पाहणार असेल). ती घंटी गढूळ झाली तर भागातली मोठी गंमतच जाते. सहा डेसिबलपेक्षा जास्त सफाई करू नका, आणि फिल्टर लावल्यावर घंटीचा प्रसंग आधी ऐका.

पाहण्याची प्रत वेगळी बनवा. मूळ फाइलवरून डीइंटरलेस (फील्डांपासून पूर्ण चित्रे) करताना सेकंदाला ५० फ्रेम ठेवा. एफएफएमपेग या प्रोग्रॅममधला 'बीडब्ल्यूडीआयएफ' हा फिल्टर पुरेसा चांगला आहे, वेळ आणि हौस असेल तर 'क्यूटीजीएमसी' त्याहून सुबक. त्याआधी हालचालीच्या प्रसंगात एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहा. कुठेच कंगव्यासारखे दात दिसत नसतील तर मूळ चित्रीकरण फिल्मचे असू शकते, आणि मग डीइंटरलेस करायची गरजच नाही. कॅप्चर करताना वरचे फील्ड आधी येते, डीव्ही कॅमेऱ्यातून घेतले तर खालचे. हे उलटे झाले तर चालणारा माणूस पुढे-मागे झटके खाताना दिसतो. शेवटी ७६८ × ५७६ करून ४:३ प्रमाण पक्के करा आणि टीव्हीवर 'फुल स्क्रीन' बंद ठेवा, नाहीतर रजित कपूर गुबगुबीत दिसतील.

फाइल झाल्यावर कॅसेट टाकू नका. पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारखी उभी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पत्र्याखालचा माळा, इन्व्हर्टर आणि स्पीकर यांपासून दूर. मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, त्यांतली एक दुसऱ्या घरी. नेटवर चढवू नका. मालिकेचे, जाहिरातींचे हक्क ज्यांचे त्यांचे आहेत, घरी पाहण्यापुरते ठेवा. उरलेल्या फितीवर मराठी काही निघाले तर मात्र नाव आणि कोणत्या मिनिटाला सुरू होते ते इथे जरूर कळवा. आणि डाग कशाचे आहेत याची खात्री होत नसेल तर कॅसेट न उघडता, विजेरी तिरपी धरून, खिडकीचे दोन्ही बाजूंनी फोटो टाका.